वीणा खाली ठेवत नाहीत

माझं नाव कोंड्यावरून ठेवलेलं आहे. पीठ चाळल्यावर चाळणीत उरतो आणि म्हशीच्या आंबोणात जातो, तो कोंडा. ते नाव मी इथं लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल, आणि ज्यांना हसायचं होतं त्यांनी मी शाळेत असतानाच पोटभर हसून घेतलं आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव वीणा. एकाच आईच्या पोटच्या दोन मुली, एक कोंडा आणि एक वीणा. लोक विचारायचे, सख्ख्या का हो? आई म्हणायची, हो, सख्ख्याच. आणि विषय बदलायची.

आम्ही तीर्थपुरीचे. वडील कपडे शिवायचे. बाजारपेठेच्या तोंडाशी एका ओट्यावर त्यांचं मशीन होतं. माझ्या आधी आईला दोन मुलगे झाले आणि दोघंही पाळण्यातच गेले. मी झाले तेव्हा आजीनं मला पुसूनही घेतलं नाही म्हणे. तशीच सुपात घातली आणि समोरच्या घरी नेली. समोरच्या घरी एक मावशी राहायच्या, सहा लेकरांच्या आई. त्यांनी सुपात ओंजळभर कोंडा टाकला आणि मला उचलून घेतलं. झाला सौदा. मी त्यांची झाले. मग त्यांनी मला आजीच्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या, "हे माझं लेकरू हाय, तुमी फकस्त संभाळा." म्हणजे मरणानं दारात येऊन विचारलंच, तर सांगायला बरं. या घरात यांचं लेकरू नाहीच. जे आहे ते शेजारणीचं, आणि तेही कोंड्याच्या भावाचं. असं लेकरू न्यायला कोण कशाला येतंय?

तेव्हा गावोगाव असं करायचे. आमच्याच वर्गात एक दगडावरून होता, एक उकिरड्यावरून. पण ते मुलगे होते. मुलांना काय, त्यांच्या नावापुढे लगेच राव लागतं.

धाकटी होईपर्यंत मला नावाचं काही वाटलं नव्हतं, हे मी कबूल करते. मी एकटीच होते. एकटीला कशाशी ताडून बघणार? समोरच्या मावशी मला हाक मारून भाकरीवर लोणी द्यायच्या. "माझी लेक" म्हणायच्या. दोन आया असलेली मुलगी म्हणून मी उलट भाव खायची.

मग मारुतीच्या देवळात सप्ता बसला आणि त्यातच धाकटी आली.

सप्त्यात वीणा अखंड उभी असते. सात दिवस ती खाली ठेवायची नाही आणि तिची तार थांबू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. ज्याचा पहारा असेल त्यानं ती गळ्यात घेऊन उभं राहायचं, वाजवत राहायचं, पुढचा येईपर्यंत. वडिलांचा पहारा दुपारचा. आईचे दिवस भरलेले होते, पण पहारा ठरलेला, म्हणून ते गेले. ते गेले आणि घरात आईला कळा सुरू झाल्या. सुईण आली. आजीनं मला बाहेर काढलं. मी ओट्यावर बसून राहिले, आणि आतून रडणं ऐकू आलं तशी आजी दारात येऊन म्हणाली, "पोरगी झाली."

ती कोणाला तरी सांगत होती, मला नव्हे. पण मी कशाला थांबते? चपला न घालता देवळाकडे पळाले. वडिलांना आधी मी सांगणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. देवळाच्या दारातूनच ओरडले, "दादा, आई बाळंतीण झाली!"

टाळ एकदम थांबले. तार तेवढी वाजत राहिली. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मग वडिलांकडे. मला काही कळेना. आनंदाची बातमी, आणि तोंडं अशी का?

झालं असं होतं, की लेकरू झालं की घराला सोयर लागते. सोयर लागलेल्या माणसानं दहा दिवस देवाला शिवायचं नाही. आणि वडिलांच्या तर गळ्यातच वीणा. आता ती खाली ठेवावी तर सप्ता मोडतो, गळ्यात ठेवावी तर वीणा विटाळते. दुसऱ्यानं घ्यावी म्हटलं तर ती सोयरेतल्या माणसाच्या अंगावरून घ्यायची, म्हणजे घेणाराही गेला. सगळे हात मागे घेऊन उभे. वडिलांचा चेहरा पांढरा पडलेला आणि बोट तारेवर फिरतंच आहे. कुणीतरी म्हातारा माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या कानफटात ठेवून दिली. "सप्ता बाटवलास की गं भवाने! घरीच बसायचं होतंस."

धाकटीनं जगात येऊन मला दिलेली ती पहिली भेट. मी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

कीर्तनाला आलेले बुवा आतल्या बाजूला आडवे झाले होते. ते उठून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सोयर कधीपासून धरत्यात? ऐकल्यापासून. गळ्यात वीणा वाजत असताना ह्या माणसानं दुसरं काही ऐकलंच कसं? का हो, तुम्ही काही ऐकलं का?"

वडिलांनी मान हलवली. नाही.

"मंग झालं तर. पहारा पूरा होऊ द्या. टाळ धरा."

टाळ पुन्हा सुरू झाले. आणि सगळ्या देवळानं मिळून, कुणी काही ऐकलंच नाही, असं सोंग घेतलं. वडील वीणा वाजवत उभे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललंय, पण आपण का रडतोय हे त्यांना माहीतच नाही असं ठरलेलं. मी खांबाला टेकून गाल धरून बसले. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर बातमी ऐकल्यासारखं झालं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की मी मार खाऊन बसले आहे आणि बाप माझ्यावरून नजर काढून छताकडे बघतो आहे.

पहारा बदलला. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली. तशी बुवा म्हणाले, "हं, आता सांग पोरी. काय सांगायला आल्ती?"

मी तोंड मिटून घेतलं. आता सांगा म्हणता? आता मी नाही सांगत. सगळे गोळा झाले. एकानं खडीसाखर पुढं केली. ज्यानं मारलं होतं तो म्हाताराच "सांग गं माझी बाई" करायला लागला. मी त्याची खडीसाखर खाल्ली आणि तरी गप्प बसले. शेवटी वडील समोर येऊन उकिडवे बसले आणि हात जोडले. खरंच जोडले. मग मी म्हणाले, "पोरगी झाली."

मला वाटलं त्यांचं तोंड पडेल. घरात मुलगा हवा होता, सगळं गाव म्हणायचं. वडील हसले. एवढे हसले की दात दिसले. आणि बुवा म्हणाले, "वीणेच्या पहाऱ्यात आली ना? मंग नावच वीणा ठेवा. आणि बघा, वीणा खाली ठेवत न्हाईत."

बुवा गंमतीनं बोलून गेले. आमच्या घरानं ते खरं धरलं.

बारशाला आत्या भोकरदनहून आली. दोन एसट्या बदलून, पेढे आणि चांदीचं वाळं घेऊन. तिनं पाळण्यात वाकून धाकटीच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत गुद्दे घातले. त्या घोळक्यात घुसून मीही दोन घालून घेतले. ते रीतीचे नव्हते. आत्या वळून म्हणाली, "ह्या कार्टीचा हात जड हाय." मी घुगऱ्यांची पाटी घेऊन बाहेर निघून गेले. ओट्यावर बसलेल्या आजीला विचारलं, "माझ्या बारशाला कोणती आत्या आल्ती?"

"तुझं कुठलं बारसं? तुझं नाव तर कोंडा मोजतानाच पडलं."

त्या दिवसापासून घरात एक नवा नियम आला. धाकटीला जमिनीवर ठेवायचं नाही. आईच्या मांडीवरून आजीच्या मांडीवर, आजीच्या मांडीवरून मशीनवर बसलेल्या वडिलांच्या मांडीवर, आणि सगळ्यांचे हात कामात असले की माझ्या कडेवर. "तुझा पहारा हाय," आजी म्हणायची. गल्लीतल्या पोरी सागरगोटे खेळायच्या आणि मी खांबासारखी उभी. लोक तिच्या हनुवटीला हात लावून विचारायचे, नाव काय? मी सांगायची. वा वा करायचे. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, आणि तुझं? मी नाव सांगायच्या ऐवजी तिला एक बारीकसा चिमटा काढायची. ती रडली की प्रश्न आपोआप मागे पडायचा.

वडिलांनी तिला झबलं शिवलं. कुणा श्रीमंत नवरदेवाच्या कोटाची मखमल उरली होती, लाल. तिच्यावर पिवळ्या दोऱ्यानं वीणा काढली. माझे झगे चड्ड्यांच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचे असायचे, उरेल त्यातून. ती वीणा मात्र वडिलांना काही साधली नव्हती. गिऱ्हाईक विचारायचं, "शिंपीदादा, लेकराच्या छातीवर भोपळा कामून काढला?" ते ऐकलं की माझा दिवस चांगला जायचा.

मी वडिलांच्या मागे लागले. माझंही नाव बदला. "बघू," ते म्हणायचे, "पुढच्या सप्त्यात बघू." पुढचा सप्ता यायचा, वीणा उभी राहायची, उतरायची. काही नाही. आईला म्हटलं की ती सरळ उठून दुसऱ्या कामाला लागायची. कधी म्हणायची, "नावात काय ठेवलंय? जा, पाणी आण."

नावात काही नसेल तर दे ना मग मलाही, असं मला वाटायचं.

आठवीत गेले तेव्हा शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायला एक नवे गुरुजी आले. त्यांना शब्दांचं वेड. मी एकदा मधल्या सुटीत त्यांना गाठलं आणि विचारलं, "गुरुजी, वीणेहून मोठं वाद्य कोणतं?"

त्यांना वाटलं मुलगी फार हुशार. त्यांनी खडू घेतला आणि मला सगळं समजावून सांगितलं. वीणेला विपंची म्हणतात, वल्लकी म्हणतात. आणि थोरांच्या वीणांना तर माणसांसारखी स्वतःची नावं असतात. सरस्वतीची वीणा कच्छपी. विश्वावसू गंधर्वाची बृहती. तुंबरूची कलावती. नारदाची महती.

मी एकेक नाव लावून बघितलं. कच्छपी चांगलं वाटलं, पण गुरुजी म्हणाले कच्छप म्हणजे कासव. कोंड्यातून उठून कासवात कशाला जाऊ? बृहती म्हणायला जीभच वळेना. कलावती आमच्या वर्गातच होती एक, तिचं नाक वाहायचं. राहिली महती.

"महतीचा अर्थ काय गुरुजी?"

"महती म्हणजे मोठी. थोर. नारद जिथं जातो तिथं ती त्याच्या खांद्यावर असते. तिन्ही लोकांत फिरलेली वीणा आहे ती."

बस. मला पाहिजे ते मिळालं. आमच्या घरातली वीणा काय, कुठलीही वीणा. कुणाच्याही गळ्यात पडणारी, सप्त्यापुरती. माझी नारदाची. मी घरी जाताना वाटेत ते नाव मोठ्यानं म्हणत गेले. समोरून येणाऱ्या गाडीवानानं बैल थांबवून विचारलं, कोणाला हाक मारून राह्यली गं?

गुरुजींना एक दिवस धीर करून सांगितलं की मला नाव बदलायचं आहे. ते म्हणाले, त्यात काय, अजून वय आहे, दाखल्यावर बदलून टाकू, घरून फक्त कुणाला तरी पाठव. मी घरी येऊन सांगितलं. वडिलांनी आईकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. माझी आई कधी कुठं जायची नाही. बाजारालासुद्धा आजीच जायची. ती डोक्यावरून पदर घेऊन शाळेच्या आवारात उभी दिसली तेव्हा मला वाटलं, झालं काम. मी खिडकीतून ऐकत होते. ती गुरुजींना म्हणाली, "गुर्जी, तिचं नाव हाय तेच राहू द्या. बिलकुल बदलू नका. तिनं किती बी म्हणलं तरी."

गुरुजी काहीतरी सांगायला लागले तर तिनं चक्क त्यांचे पाय धरले. नाव राहिलं तेच.

नावासाठी पाय धरायची गरज होती, तर चांगल्या नावासाठी धरायचे होतेस. मी त्या दिवशी जेवले नाही. माझ्या मनानं घेतलं की आईला धाकटीच हवी होती आणि मी तिच्या शेजारी अशीच पाहिजे होते, कोंड्यासारखी, म्हणजे ती उठून दिसेल. आणि मला पुरावेही सापडायला लागले. मी वर्गात पहिली आले तर आई शेजारणींना सांगायची, "कशाचं काय, ढ हाय नुसती." कुणी म्हणालं, पोरगी उंचीपुरी झाली हो, तर म्हणायची, "काळी कुळकुळीत. कोण करून घेणार?" मी काळी नाही. तेव्हाही नव्हते. धाकटीला मात्र कुणी काही म्हणा, आई हसून ऐकून घ्यायची. धाकटी गाणं म्हणायची, सगळ्यांना ऐकवायला आई तिला पाटावर उभी करायची. आवाज होता तिला. तेही मला नको होतं, पण होता.

मी एका गोष्टीची वाट बघायला लागले. लग्नाची. नवऱ्यासाठी नव्हे. आमच्याकडे लग्न लागल्यावर मांडवातच ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. मग ते सगळ्यांना वाचून दाखवायचं आणि पेढे वाटायचे. झालं, मुलगी त्या नावाची. आईबापाला विचारायचं काम नाही. गल्लीतल्या किती जणी मी अशा जाताना पाहिल्या होत्या. एक भागी होती, ती भाग्यश्री होऊन गेली. मला फक्त ते ताट समोर यायला हवं होतं.

मला अठरावं लागलं तेव्हा माझं जमलं. स्थळ जालन्याचं. मस्तगडला घर, मुलगा शाळेत मास्तर. बघायला आला तेव्हा एकच प्रश्न विचारला, वाचायला आवडतं का? मी हो म्हटलं. आई आतून म्हणाली, "वाचती कसली, नुसती पानं उलटती." तरी त्यांचा होकार आला. मला बरं वाटलं ते एवढ्यासाठी, की मास्तर माणूस आहे, याला महती कोण हे सांगत बसावं लागणार नाही.

लग्न आमच्याच दारात झालं. धाकटी तेव्हा आठ वर्षांची. लाल परकर नेसून, गजरा माळून सगळ्या मांडवभर हिंडत होती आणि जो तो तिला उचलून घेत होता. मंगलाष्टकंही तिनंच म्हटली. माझ्या लग्नात पाव्हणे विचारत होते, ही गाणारी कोण? मी बाशिंगाखालून बघत होते.

वरात निघायच्या आधी नणंदेनं ताट आणलं. तांदूळ पसरले. सगळ्या बायका पुढं सरकल्या. नवऱ्यानं अंगठी काढली आणि मांडवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मी नाव बदलणार नाही. माणसाचं नाव काय सदरा आहे? आईबापांनी दिलेलं नाव मुलीनं का टाकावं? तिचं नाव तेच राहील."

सुधारक निघाला! आमच्या साऱ्या जिल्ह्यात शोधून एक सुधारक माझ्या नशिबी आला होता. पुरुष मंडळींनी माना डोलावल्या. वडिलांना तर भरून आलं. मला ते ताट उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. तो वाकला आणि त्यानं माझ्या नावाचं पहिलं अक्षर तांदळात काढलं. पाव्हण्यांतल्या दोघीतिघी आताच पदर तोंडाला लावायला लागल्या होत्या.

मी त्याचं मनगट धरलं.

नवरी मुलीनं भर मांडवात नवऱ्याचा हात धरला. बायकांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मी म्हणाले, "बदला."

तो गडबडला. पण माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "तुम्हाला बदलायचंय? मग कोणतं लिहू?"

"महती."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "नारदाची?" तो म्हणाला. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं चांगलं काही म्हटलं नव्हतं. त्यानं तळहातानं ते अक्षर पुसायला सुरुवात केली.

तेवढ्यात बायकांना ढकलत आई आली. कशी आली, कुठून आली, मला दिसलंच नाही. ती ताटावर आडवी पडल्यासारखी वाकली आणि तिनं दोन्ही हातांनी ते तांदूळ झाकले.

"पुसू नका जावईबापू. तुमच्या पाया पडते, पुसू नका."

"अहो पण त्यांचीच इच्छा आहे…"

"तिला काय कळतंय? दोन गेले माझे. चांगली नावं ठेवली होती त्यांची, देवाची. दोघं बी गेले. ही ह्याच नावानं राह्यली. अठरा वर्षं मी हिला चांगलं म्हणले न्हाई, कुणाला म्हणू दिलं न्हाई. आता मोठं नाव ठेवलं आणि ती माझ्या डोळ्याआड गेली, मंग मी तिथं जालन्याला रोज बघायला येऊ का, हाय का न्हाई म्हणून?"

वडील खाली बघत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असावं. माझ्यापाशी मात्र कुणी बोललं नव्हतं, कारण बोलून दाखवलं की ते घडतं, अशी आईची समजूत. आई तांदळावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. जीव मुठीत धरून बघत होती. मी आईची गेली आठ वर्षं तपासली मनातल्या मनात. धाकटी तापानं फणफणली होती तेव्हा, धाकटी ओट्यावरून पडली होती तेव्हा. धाकटीसाठी तिची अशी नजर मी एकदाही पाहिलेली नव्हती. धाकटी जगणारच, हे तिनं धरून चाललेलं होतं. वीणा म्हणायला ती भ्यायली नाही, कारण तोवर मी जगून दाखवलं होतं.

नवरा माझ्याकडे बघून थांबला होता. अंगठी हातात.

"राहू द्या," मी म्हणाले. "तेच लिहा."

त्यानं आईचे हात हलकेच बाजूला केले आणि माझं नाव पूर्ण लिहिलं. वाचून दाखवलं. कुणी हसलं की नाही, माझं लक्ष नव्हतं. आईनं मला मिठी मारली आणि ती मोठ्यानं रडायला लागली. मुलीला सासरी पाठवताना आया रडतात तसं ते रडणं नव्हतं. सुपात घालून मला बाहेर नेलं त्या दिवसापासून तिनं ते धरून ठेवलेलं असावं.

धाकटी आली. लोकांच्या पायांतून वाट काढत आली आणि आईचा पदर ओढायला लागली. आईला कळलं नाही. तिनं आईच्या कमरेला हात घातला, वर बघितलं, उचलून घे म्हणून हात पसरले. आईनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आई माझ्या तोंडावरून हात फिरवत होती आणि मला माझ्या नावानं हाका मारत होती, मी समोर असून.

धाकटीचा ओठ बाहेर आला. तिला काय झालं ते मला बरोबर कळलं, कारण तो ओठ मी आठ वर्षं सांभाळला होता. ती मांडवात जमिनीवर फतकल मारून बसली आणि भोकाड पसरलं. तिला कुणीही उचललं नाही.

वरात निघाली. आई माझा हात धरून बैलगाडीपर्यंत चालत आली, आणि मागून धाकटीचं रडणं येत होतं. मी ते पेठेच्या टोकापर्यंत ऐकत गेले. इतकं गोड ती कधीच गायली नव्हती.